जुन्या गाडीच्या एसीत कोणता गॅस भरायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की मालक पहिल्यांदा विचारतो, ‘कुठला गॅस भरू?’ माझ्या मते हा प्रश्न रांगेत चौथा-पाचवा यायला हवा. गाडीत आत्ता काय आहे, ते कमी का झालं, आतलं तेल कुठलं, पाइप आणि ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) कुठल्या काळातले, हे आधी कळलं की गॅसचं उत्तर बहुतेक वेळा आपोआपच मिळतं. इथे ‘जुनी गाडी’ म्हणजे मुख्यतः आर-१२ या जुन्या एसी गॅसवर चालणारी. त्याच्या जागी नंतर आलेल्या आर-१३४ए वाल्यांचे प्रश्नही पुढे घेतले आहेत.

माझ्या गाडीत मुळात कोणता गॅस होता, हे कसं ओळखायचं?

बॉनेट उघडा आणि स्टिकर शोधा. बहुतेक गाड्यांत गॅसचं नाव आणि वजन त्यावर छापलेलं असतं. स्टिकर उडालं असेल तर गॅस भरायची तोंडं बघा. आर-१२ च्या तोंडाला बाहेरून आटे असतात, होज फिरवून बसवावी लागते. आर-१३४ए ची तोंडं जाडसर, बाहेरून गुळगुळीत आणि खटक्याने बसणारी असतात. लो साइडचं, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचं, १३ मिलिमीटरचं; हाय साइडचं, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचं, १६ मिलिमीटरचं. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे, चुकूनही एकाचा होज दुसऱ्याला बसू नये म्हणून.

वयावरूनही अंदाज येतो. बहुतेक मोठ्या कंपन्या १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात आर-१३४ए कडे वळल्या. त्या काळातल्या गाडीबाबत मात्र अंदाजावर जाऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत दोन वेगळे गॅस सापडतात.

तोंडावर अडॅप्टर बसवलेला दिसला तर त्यावरून एवढंच कळतं की कुणीतरी कधीतरी बदल करायचं मनावर घेतलं होतं. काम पुरं केलं की अर्धवट सोडलं, ते अडॅप्टर सांगत नाही.

गाडी सेकंडहँड घेतली आहे. आत काय भरलंय, कुणालाच माहीत नाही. थोडा गॅस वरून भरला तर?

नको. आत काय आहे ते ठाऊक नसताना वरून भरणं हा या कामातला सगळ्यात महागात पडणारा आळस आहे.

खात्रीचा उपाय म्हणजे गॅस ओळखणारं यंत्र. चांगल्या वर्कशॉपमध्ये ते असतं, कारण एका गाडीतला मिश्र गॅस त्यांच्या रिकव्हरी मशीनच्या (गाडीतला गॅस काढून साठवणाऱ्या यंत्राच्या) टाकीत गेला तर अख्खी टाकी नासते. यंत्र नसेल तर एक जुजबी तपासणी करता येते. गाडी रात्रभर सावलीत बंद ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू न करता गेज लावा. आत द्रवरूपात थोडा तरी गॅस शिल्लक असेल तर दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंश सेल्सिअसला शुद्ध आर-१३४ए चा दाब साधारण ९७ पीएसआय (गेजवरचं दाबाचं एकक) असतो, आर-१२ चा ९३ च्या आसपास. काटा १२०-१४० दाखवत असेल तर आत हवा तरी शिरली आहे किंवा प्रोपेन, आर-२२ असलं काहीतरी मिसळलं आहे. आकडा बरोबर आला म्हणजे गॅस शुद्धच, असं मात्र धरू नका. प्रोपेन-आयसोब्युटेनचं नीट जुळवलेलं मिश्रणही याच घरात बसतं.

माझ्याकडे एकदा एक गाडी आली होती. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे ‘फक्त दोनदा टॉप-अप’ झालं होतं. यंत्रावर आर-१२, आर-१३४ए आणि हायड्रोकार्बन (प्रोपेनसारखा पेटणारा गॅस) असे तिन्ही निघाले. कॉम्प्रेसरमधून जे बाहेर आलं त्याला तेल म्हणवत नव्हतं, काळी खळ होती. गॅस काढून घेणं, आतून फ्लश करणं, कॉम्प्रेसर आणि ड्रायर बदलणं, सगळंच करावं लागलं. त्या दोन टॉप-अपनी वाचवलेले पैसे असे वसूल झाले.

दर उन्हाळ्यात गॅस संपतो. जास्त टिकणारा गॅस कोणता?

गॅस संपत नाही, गळतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही की तेलासारखा झिजत नाही. बंद चक्रात तोच तो फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरतो आणि कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो केबिनची उष्णता शोषून घेतो. रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टसीलमधून वर्षाकाठी थोडासा झिरपतो हे खरं, पण दर वर्षी भरावा लागत असेल तर भोक आहे.

आधी गळती शोधा. तेलकट, धूळ चिकटलेला जोड दिसला की तिथे संशय घ्या, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावणं, अल्ट्राव्हायोलेट डाय, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर, यांपैकी जे हाताशी असेल ते वापरा. दाबाखाली साधी हवा भरून तपासणी करू नका. हवेसोबत पाण्याची वाफ आत जाते, आणि ठरावीक दाबाला हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो.

आर-१२ इतका चांगला होता तर बंद का केला?

चांगला होताच. १९२८ पासून टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या या घराण्यातले गॅस पेटत नाहीत, विषारी नाहीत आणि जवळजवळ कशाशीच भांडत नाहीत. तोच गुण शेवटी अवगुण ठरला. खालच्या हवेत ते मोडत नाहीत, तसेच वर स्थितांबरात पोचतात, तिथे अतिनील किरणांनी फुटतात, आणि त्यातून सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा फडशा पाडतो. मोलिना आणि रोलँड यांनी हे १९७४ मध्ये मांडलं, १९८७ मध्ये ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला. विकसित देशांत आर-१२ चं उत्पादन १९९६ च्या सुरुवातीला आणि विकसनशील देशांत २०१० च्या सुरुवातीला थांबलं.

शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात आर-१२ ची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,९०० पट आहे. आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण त्याचीही ताकद सुमारे १,४३० पट. म्हणून गॅस हवेत सोडून देणं दोन्ही बाबतींत चूकच, आणि अनेक देशांत गुन्हाही.

मग आर-१२ च आणून भरता येईल का?

नवीन तयार होत नाही, पण जुना साठा आणि गाड्यांतून काढून शुद्ध केलेला गॅस काही देशांत कायद्याने वापरता येतो. गाडी अगदी मूळ अवस्थेत जपायची असेल, सिस्टीम घट्ट असेल आणि खात्रीचा गॅस मिळत असेल तर हा उत्तम मार्ग आहे. काहीच बदलावं लागत नाही. गळकी सिस्टीम असेल तर मात्र हा विचारही मनात आणू नका. आणि ‘सीलबंद जुना डबा’ म्हणून जे विकलं जातं ते यंत्रावर तपासल्याशिवाय गाडीला जोडू नका.

एका वाक्यात सांगा, पर्याय कोणता?

आर-१२ च्या गाडीला आर-१३४ए, तेल, ड्रायर आणि ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) यांच्यासकट नीट बदल करून. आर-१३४ए च्या गाडीला आर-१३४ए च. बाकीचं सगळं अपवाद आहे.

आर-१२ काढला आणि सरळ आर-१३४ए भरला, बाकी काहीच केलं नाही, तर चालेल?

चालेल, काही दिवस. मग कॉम्प्रेसर जॅम होईल, किंवा झाला नाही तर त्याला नशीब म्हणायचं.

‘काही न बदलता थेट भरा’ असं डब्यावर लिहिलेलं दिसतं ना, ते विकणाऱ्याच्या सोयीचं. आर-१२ च्या जागी तंतोतंत बसेल असा पेट न घेणारा, ओझोनला निर्धोक आणि जुन्या तेलात विरघळणारा गॅस मला ठाऊक नाही. प्रत्येक पर्याय यांपैकी कुठेतरी लंगडतो, आणि आपल्याला कुठलं लंगडणं परवडेल एवढंच आपण निवडत असतो.

तेलाचा एवढा बाऊ का करतात?

कारण कॉम्प्रेसरला वेगळी तेलाची टाकी नसते, निदान बऱ्याचशा कॉम्प्रेसरना नसते. तेल गॅसमध्ये विरघळून सगळीकडे फिरतं आणि गॅसच त्याला परत कॉम्प्रेसरपर्यंत आणून सोडतो. आर-१२ सोबत खनिज तेल असे. आर-१३४ए मध्ये खनिज तेल विरघळत नाही. ते कंडेन्सरच्या तळाशी, कूलिंग कॉइलच्या नळ्यांत साचून बसतं, आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. गाडी पहिले काही आठवडे छान गार होते, म्हणून मालकाला वाटतं की आपण जिंकलो.

दोन पर्याय आहेत. पीएजी तेल हे आर-१३४ए चं मूळ तेल. कंपनीकडून आर-१३४ए वर आलेल्या गाड्यांत तेच असतं, ४६, १००, १५० अशा जाडीच्या क्रमांकांत. पण ते हवेतलं पाणी भसाभस ओढतं आणि जुन्या सिस्टीममध्ये उरलेल्या क्लोरीनच्या अंशांशी त्याचं पटत नाही. दुसरं एस्टर तेल, म्हणजे पीओई. उरलंसुरलं खनिज तेल आणि क्लोरीन ते बऱ्यापैकी सहन करतं. म्हणून आर-१२ वरून बदल करताना मी एस्टरच्या बाजूने आहे, कॉम्प्रेसर बनवणाऱ्याने स्पष्टपणे पीएजी सांगितलं असेल तेवढं सोडून.

जुनं खनिज तेल शक्य तेवढं बाहेर काढा. कॉम्प्रेसर उतरवून उलटा करा, शाफ्ट हाताने फिरवत निथळू द्या. कंडेन्सर आणि कॉइल फ्लश करता येतात. कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून फ्लशचं द्रावण जाऊ देऊ नका. नवीन तेल मोजून भरा. तेल जास्त झालं तरी तोटाच: कॉइलच्या नळ्यांना आतून तेलाचा थर बसतो आणि कूलिंग उतरतं. तेलाचा डबा उघडा ठेवून चहाला जाऊ नका, हे जाता जाता.

रबरी पाइप आणि ओ-रिंग बदलायलाच हव्यात का?

ओ-रिंग, हो. जोड उघडलाच आहे तर जुनी रिंग परत लावण्यात काय मिळवायचं? एचएनबीआर जातीच्या रबराच्या घ्या, बहुधा हिरव्या असतात. पण रंगावर न जाता जात विचारून घ्या.

पाइपांचं उत्तर जरा गमतीचं आहे. आर-१३४ए चा रेणू लहान, म्हणून जुन्या साध्या रबरातून तो जास्त झिरपतो, असा सुरुवातीला धसका होता. म्हणूनच आतून नायलॉनचं अस्तर असलेले बॅरियर होज आले. पण वर्षानुवर्षं खनिज तेल पिऊन बसलेला, भेगा न पडलेला पाइप गॅस बऱ्यापैकी अडवतो असं अनुभवाला आलं. त्यामुळे पाइप सुस्थितीत असतील तर तेवढ्यासाठी बदल थांबवू नका. ज्याला टोकापाशी तेलाचा ओघळ दिसतो तो मात्र बदलाच, आणि बदलताना बॅरियर होजच घ्या.

आणखी एक: काही जुन्या कॉम्प्रेसरमध्ये विटॉन रबराची सील असतात. आर-१३४ए मुळे ती फुगतात. असा कॉम्प्रेसर असेल तर तो बदलण्याचा खर्च आधीच धरून चाला.

ड्रायर चांगला दिसतोय. तोच राहू दे का?

बाहेरून सगळेच चांगले दिसतात. आतले ओलावा शोषणारे दाणे जुन्या गाडीत एक्सएच-५ जातीचे असतात, आणि ते आर-१३४ए सोबत टिकत नाहीत. नवीन ड्रायर एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ दाण्यांचा हवा. तो सगळ्यात शेवटी, व्हॅक्यूम लावायच्या तोंडावरच खोका फोडून बसवा.

आर-१३४ए भरल्यावर कूलिंग कमी पडतं म्हणतात. खरं आहे?

अर्धं खरं. गाडी पळत असताना फारसा फरक जाणवत नाही. भर उन्हात सिग्नलला उभी राहिली की जाणवतो.

कारण दाबाच्या तक्त्यात आहे. साधारण १७-१८ अंशांना दोन्ही गॅसचा दाब सारखाच. ० अंशाला आर-१३४ए चा थोडा कमी: आर-१२ चा ३० पीएसआय, तर याचा सुमारे २८. पण ६० अंशांना, म्हणजे तापलेल्या कंडेन्सरमध्ये, चित्र उलटतं: आर-१२ सुमारे २०७, आर-१३४ए सुमारे २२९. खालचा दाब कमी आणि वरचा जास्त, म्हणजे कॉम्प्रेसरला जास्त चढ चढावा लागतो. कंडेन्सर उष्णता झटपट फेकू शकला नाही की हा फरक वाढतच जातो.

म्हणून कूलिंग हवं असेल तर गॅस बदलण्याआधी कंडेन्सरकडे बघा. पत्र्यांच्या फटी चिखल-किड्यांनी भरल्यात का? समोरचा पंखा खरोखर हवा ओढतो की नुसता फिरतो? पंख्याचं आवरण आणि कंडेन्सर-रेडिएटरमधल्या फोमच्या पट्ट्या जागेवर आहेत का? या पट्ट्या गळून पडल्या की इंजिनची गरम हवाच फिरून कंडेन्सरवर येते, आणि त्या कुणी परत लावत नाही. जुन्या गाड्यांत एकच नळी नागमोडी फिरवलेला कंडेन्सर असतो. त्याच्या जागी समांतर प्रवाहाचा, बारीक चपट्या नळ्यांचा कंडेन्सर बसवला तर आर-१३४ए ची सगळी कुरकुर थांबते, असं मी बेलाशक म्हणेन. मालक लोक कॉम्प्रेसरवर खर्च करतात आणि कंडेन्सर जुनाच ठेवतात, तिथेच गणित चुकतं.

वरचा दाब वाढणार असल्यामुळे हाय प्रेशर कट-ऑफ स्विच नसेल तर तो बसवून घ्या. लो साइडला कॉम्प्रेसर बंद-चालू करणारा दाबाचा स्विच असेल तर त्याची कट-ऑफची मर्यादा थोडी खाली आणावी लागते.

किती भरायचा?

आर-१२ च्या छापील वजनाच्या ८० ते ९० टक्के. आर-१३४ए चा द्रव वजनाला हलका आहे, शिवाय किलोमागे उष्णता जास्त उचलतो. छापील वजन १,००० ग्रॅम असेल तर ८०० ला सुरुवात करा, मग उष्णता, गेज आणि जाळीतून येणाऱ्या हवेचं तापमान बघत थोडाथोडा वाढवा. वजनकाट्यावर भरा.

पारदर्शक काचेतले बुडबुडे बघून भरायची जुनी सवय इथे सोडून द्या. आर-१३४ए मध्ये बुडबुडे पूर्ण जाईपर्यंत भरत राहिलात तर बहुधा जास्त भरलेला असतो. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा नव्हे. कंडेन्सर द्रवाने तुंबतो आणि दाब चढतो.

व्हॅक्यूम किती वेळ?

निदान अर्धा तास, पाऊस-दमटपणात तास. मुद्दा फक्त हवा काढण्याचा नाही, पाणी उकळवून बाहेर काढण्याचा आहे. २५ अंशांना पाणी उकळायला दाब पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटरच्या खाली जावा लागतो, म्हणजे साध्या गेजवर समुद्रसपाटीला २९ इंचांच्या पलीकडे. उंचावरच्या गावी काटा तिथपर्यंत जात नाही. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरा आणि पंपाला उगाच दोष देऊ नका. पंप बंद केल्यावर काटा अर्धा तास जागेवर राहिला पाहिजे. परत चढला तर गळती किंवा ओलावा आहे.

हायड्रोकार्बन गॅस एकदम गार करतो, जुन्या तेलावरही चालतो. मग तोच का नको?

या प्रश्नाला नाक मुरडून उत्तर देणारे बरेच आहेत. मी तसं करणार नाही, कारण पहिलं विधान खरं आहे. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ ला, आर-१२ उणे ३० ला. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले की दाब आर-१२ च्या जवळ येतो. खनिज तेलात ते विरघळतात, ओझोनला धक्का नाही, तापमानवाढीची ताकद नगण्य, आणि वजनाने आर-१२ च्या एक-तृतीयांशाच्या आसपास पुरतो. घरातल्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतोच, मग गाडीत काय बिघडलं?

बिघडतं ते असं. फ्रिजमध्ये तो अगदी मोजक्या ग्रॅमांइतका, झाळून बंद केलेल्या नळ्यांत, एका जागी उभा असतो. गाडीत नटांनी आवळलेले जोड, रबरी पाइप आणि सतत थरथर. कंडेन्सर गाडीच्या नाकावर, म्हणजे टक्कर झाली तर पहिला तोच फुटणार, आणि शेजारी तापलेलं इंजिन. कूलिंग कॉइल तर थेट केबिनच्या हवेच्या वाटेवर. हिशेब करून बघा: ३०० ग्रॅम मिश्रणाची वाफ साधारण १४० लिटर होते. छोट्या गाडीची केबिन ३,००० लिटर धरली तर सगळा गॅस आत गळल्यास हवेत त्याचं प्रमाण साडेचार टक्क्यांच्या वर जातं. हे गॅस हवेत सुमारे २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान पेटतात. रात्रभर बंद गाडी, सकाळी दार उघडून ब्लोअरचा स्विच किंवा सिगारेट. सगळा गॅस नेमका आतच गळेल असं दर वेळी होत नाही, हे मान्य. बरीचशी गळती बाहेरच होते. पण जी सिस्टीम मुळात गळकी होती म्हणून आपण इथवर आलो, तिच्यातच पेटणारा गॅस भरायचा, हे मला पटत नाही.

कायद्याचंही बघा. अमेरिकेत आर-१२ च्या गाड्यांत असे ज्वलनशील गॅस पर्याय म्हणून भरायला मनाई आहे. तुमच्याकडचा नियम आणि विमा कंपनीची अट आधी विचारून घ्या. आणि भरलाच असेल तर बॉनेटखाली ठळक स्टिकर लावा. पुढचा मेकॅनिक बेसावधपणे जोड खोलून झाळकामाची बत्ती पेटवेल, त्याचाही जीव आहे.

सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस?

नाही. त्यात प्रोपेन-ब्युटेनचं प्रमाण ठरलेलं नसतं, ओलावा असतो, आणि वासासाठी घातलेली गंधकाची संयुगं असतात. वरचे सगळे धोके, वर ही भर.

तयार मिश्रणं मिळतात, दोन-तीन-चार गॅसची. ती कशी?

आर-१२ बंद होताना अशी बरीच मिश्रणं बाजारात आली. कशात आर-१३४ए आणि आर-१४२बी, कशात आर-२२, आर-१२४ आणि थोडा आयसोब्युटेन. काही खनिज तेलाशी जुळवून घेतात, म्हणून मोह पडतो.

माझी अडचण गळतीची आहे. मिश्रणातले घटक वेगवेगळ्या तापमानाला उकळतात, त्यामुळे गळतानाही ते सारख्या प्रमाणात गळत नाहीत. जो लवकर वाफ होतो तो आधी पळतो. उरलेलं मिश्रण डब्यावरच्या नावाचं राहत नाही, आणि टॉप-अप केला तरी मूळ प्रमाण परत येत नाही. भरतानासुद्धा ते द्रवरूपातच सोडावं लागतं. आर-२२ असलेल्या मिश्रणाला बॅरियर होज हवेच, साध्या रबरातून तो सहज निघून जातो. उद्या दुरुस्ती निघाली तर वर्कशॉप हा गॅस आपल्या मशीनमध्ये घ्यायला नाही म्हणेल, आणि त्यांचं बरोबर असेल.

आर-२२ तरी?

३० अंशांना बंद गाडीतच त्याचा दाब सुमारे १५८ पीएसआय. चालू गाडीच्या कंडेन्सरमध्ये काय होईल, ते पाइप फुटल्यावर कळेल. नको.

नवीन गाड्यांतला आर-१२३४वायएफ माझ्या आर-१३४ए च्या गाडीत भरू का?

गरज नाही. उणे साडेएकोणतीस अंशांना उकळणारा, सौम्य ज्वलनशील आणि तापमानवाढीच्या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी असा तो गॅस आहे. युरोपीय संघाने १५० पटींपेक्षा जास्त ताकदीचे गॅस २०१७ पासून सगळ्या नव्या गाड्यांत बंद केले, त्यामुळे तो रुळला. पण त्याची तोंडं वेगळी, भरायचं यंत्र वेगळं, किंमत कितीतरी जास्त, आणि तुमच्या गाडीचं कूलिंग त्याने सुधारणार नाही. माँट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार आर-१३४ए सारख्या गॅसचं उत्पादन टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहे, पण त्यामुळे जुन्या गाड्या एका दिवसात उघड्यावर पडणार नाहीत.

उलटी चूक मात्र लोक करतात: आर-१२३४वायएफ महाग म्हणून नव्या गाडीत आर-१३४ए. ते अनेक ठिकाणी नियमबाह्य आहे.

कार्बन डायऑक्साइड?

त्याचा दाब शंभर बारच्या, म्हणजे सुमारे १,४५० पीएसआयच्या पलीकडे जातो. त्यासाठी गाडीच वेगळी जन्माला यावी लागते.

स्वस्तातला आर-१३४ए घेतला तर काय फरक पडतो?

आत खरंच आर-१३४ए असेल तर काही नाही. नसेल तर पडतो. २०११ मध्ये मालवाहू जहाजांच्या शीतकंटेनरमध्ये स्फोट होऊन माणसं दगावली, तेव्हा तपासात आर-१३४ए म्हणून विकलेल्या गॅसमध्ये आर-४०, म्हणजे मिथिल क्लोराइड सापडलं. ते विषारी आणि ज्वलनशील तर आहेच, शिवाय ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन हवेचा स्पर्श होताच पेटणारं संयुग तयार होतं. गाडीचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर ॲल्युमिनियमचेच असतात. डब्याचा रंग आणि छपाई कुणीही नक्कल करू शकतो; विश्वासाचा विक्रेता आणि यंत्रावरची तपासणी, एवढंच हाती आहे.

गळती बंद करणारं रसायन घालून पाहू का?

त्यातली काही रसायनं ओलाव्याशी संपर्क आला की कडक होतात. भोकापाशी होतील तशी एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्येही होतील, आणि पुढे मेकॅनिकच्या मशीनमध्येही. घातलंच असेल तर निदान त्याला आधी सांगा.

हायब्रिड गाडीला काही वेगळं?

हो. तिचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि मोटरच्या गुंडाळ्या गॅस-तेलातच बुडालेल्या असतात. तिथे वीज अडवणारं, कंपनीने सांगितलेलं पीओई तेलच हवं. थोडं पीएजी मिसळलं तरी इन्सुलेशन बिघडून गळती-प्रवाहाचा धोका. डाय घातलेल्या तेलाचा जुना होजसुद्धा तिला लावू नका.

हे सगळं मी घरी करू शकतो का?

कंडेन्सर धुणं, पंखा तपासणं, फोमच्या पट्ट्या लावणं, तेलाचे डाग शोधणं, हे जरूर करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. गॅस काढणं आणि भरणं ज्याच्याकडे रिकव्हरी मशीन आहे त्याच्याकडून करून घ्या. द्रव गॅस कातडीवर पडला तर हिमदाह होतो, डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. डबा हाय साइडला जोडून गाडी चालू करणाऱ्याच्या हातात डबा फुटू शकतो. आणि आर-१२ च्या गळतीजवळ ज्योत नेली तर त्यातून फॉस्जिनसारखे विषारी वायू निघतात. जुने मेकॅनिक ज्योतीच्या दिव्याने गळती शोधत, ते आता विसरलेलं बरं.

काम झालं. आता?

अडॅप्टर पक्के बसवा, म्हणजे जुन्या आट्यांवर परत कुणी आर-१२ चा होज लावणार नाही. मग बॉनेटखाली, धुताना निघणार नाही असं स्टिकर: गॅसचं नाव, ग्रॅममध्ये वजन, तेलाची जात आणि किती मिलिलिटर, तारीख, काम कुणी केलं. जुनं स्टिकर फाडू नका, फक्त त्यावर एक रेघ मारा. त्याच्यावरचं आर-१२ चं मूळ वजन पुढच्या माणसाला लागणार आहे.